बाळाला पाच वर्षांच्या अभ्यासात घालायचं का?

सायलीची_आई
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय. लेक चार महिन्यांची झाली. एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

ज्या हॉस्पिटलात बाळंतपण झालं तिथून एक मुलगी आली होती. एका अभ्यासासाठी बाळं नोंदवून घेताहेत. दर तीन महिन्यांनी घरी येऊन वजन, लांबी, डोक्याचा आणि दंडाचा घेर घेणार. वर्षातून एकदा रक्त. बाळ आवाजाकडे वळतं का, ठोकळा उचलतं का, तेही बघणार. मला एक लांबलचक प्रश्नावली. असं पाच वर्षं. औषध, गोळी काही देणार नाहीत, नुसतं बघणार. पैसे नाहीत, जायचा-यायचा खर्च तेवढा.

नवरा म्हणतो, 'तुझं तू ठरव' (म्हणजे नको). साबा (सासूबाई) म्हणतात, 'लेकरू काय प्रयोगाला द्यायचं?' माझं धड हो होत नाही, धड नाही होत नाही. कुणी असं केलंय का? पुढच्या गुरुवारी ती परत येणार आहे.

खडकवासला_चौपाटी
जागा धरून बसलोय. कणीस घेऊन.

नंदिनी_ज
रक्त किती काढणार ते आधी विचार. एवढ्याशा जिवाची शीर सापडत नाही. आमच्याकडे काविळीच्या वेळी तीनदा टोचलं होतं, बाळापेक्षा मीच जास्त रडले.

रोखठोक_रवी
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. यातून कुणाची तरी पीएचडी होते, कुणाला तरी परदेशात परिषदेला जायला मिळतं. तुमच्या पोरीला काय मिळतं? दर तीन महिन्यांनी फुकट वजन. ते अंगणवाडीतही होतं.

तात्या_सासवडकर
रवीशेठ, थांबा जरा. माझ्या मावशीचं गाव अशाच एका अभ्यासातलं. १९९३ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळची सहा गावं घेतली. गंमत म्हणजे सुरुवात बाळांपासून नव्हतीच. गावातल्या लग्न झालेल्या बायांची नोंद केली, दर महिन्याला पाळीची चौकशी, आणि दिवस गेले की मग मापं सुरू. मावशी सांगते, पहिल्या वर्षी गावात बोंब होती की हे कुटुंब नियोजनवाले आहेत, नाव बदलून आलेत. नंतर त्या ताया इतक्या घरच्या झाल्या की हळदीकुंकवाला बोलावणं जायला लागलं.

माझा मावसभाऊ त्यातलाच. लहानपणी दर सहा महिन्यांनी माप. सहा वर्षांचा झाल्यावर सगळ्या पोरांना जीपमधून पुण्याला नेलं, उपाशीपोटी रक्त, मग साखरेचं पाणी, मग परत रक्त. आम्हाला त्या जीपचा फार हेवा वाटायचा. आज त्याला दोन मुलं आहेत, आणि त्याची अजून तपासणी चालू आहे.

निघालं काय, तर आपल्या खेड्यातलं पूर्ण दिवसांचं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडात साउथॅम्प्टनचं ३.५ किलोचं. हे ऐकून 'आपली बाळं अशक्त' म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांनी चिमटा लावून कातडीखालची चरबी मोजली. पोट, दंड बारीक, स्नायू कमी, आणि पाठीवरची चरबी मात्र वजनाच्या मानाने चांगलीच टिकून! दिसायला किडकिडीत, आतून चरबीवालं. मधुमेहाची पायाभरणी पोटातच होते की काय, हा प्रश्न तिथून पुढे आला.

खडकवासला_चौपाटी
म्हणजे माझं पोट जन्मजात आहे. बायकोला धागा दाखवतो.

तात्या_सासवडकर
@खडकवासला, तुमच्यासाठी त्या डॉक्टरांचाच दाखला आहे. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा फोटो आला. एक लंडनचे युडकिन, एक आपले याज्ञिक. उंची-वजनाचा हिशेब (बीएमआय) दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र साहेबांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२. स्वतःचंच उदाहरण देऊन मोकळे झाले.

खडकवासला_चौपाटी
कणीस बाजूला ठेवलं.

केतकी_बन
तात्या, त्यातच ब१२ जीवनसत्त्वाचं पण होतं ना? मी ते वाचून अंडं खायला लागले (चोरून).

तात्या_सासवडकर
हो. दोन-तृतीयांश गरोदर बायांत ब१२ कमी. आणि नुसतं कमी असणं वेगळं, ब१२ कमी पण फोलेट भरपूर असं असलं तर त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त आढळलं. गरोदरपणी फोलिक ॲसिडची गोळी सगळ्यांना देतात, ब१२ कुणी बघत नाही. शाकाहार आणि चमचाभर दुधाचा चहा, एवढंच ज्या ताटात आहे तिथे ब१२ येणार कुठून?

रोखठोक_रवी
तीच तर माझी तक्रार. हिमोग्लोबिनसारखं ब१२ मोजलं, पेपर छापला. गावाला काय मिळालं?

तात्या_सासवडकर
मिळालं, पण वीस वर्षांनी. हीच पोरं वयात आल्यावर, २०१२पासून, त्यांना लग्नाच्या आधीच ब१२ आणि इतर पोषक घटकांच्या गोळ्या देऊन पाहिल्या. कुणाला कुठली गोळी हे ना पोरांना ठाऊक, ना देणाऱ्याला. मग त्यांना झालेल्या बाळांची दोन वर्षांनी तपासणी केली, तर ज्या आयांना नुसतं ब१२ मिळालं होतं त्यांची बाळं आकलनात आणि भाषेत पुढे. लग्नाआधीची गोळी आणि नातवंडाची भाषा! हे एका पिढीच्या मापात दिसतं का रवीशेठ?

नंदिनी_ज
ओके, हे मला माहीत नव्हतं.

इंद्रायणी_क
थोडं वेगळं. २००३मध्ये माझी मुलगी पाच महिन्यांची असताना एका डॉक्टरांनी तक्ता समोर धरला, रेघ खाली चालली होती, म्हणाले वरचं दूध सुरू करा. नुसतं अंगावर पीत होती, हसत-खेळत होती, पण रेघ खाली! मी दोन डबे पावडर आणली आणि दीड महिना स्वतःला दोष देत काढला.

नंतर कळलं की तो तक्ता अमेरिकन मुलांचा होता आणि त्यातली बरीच बाटलीच्या दुधावरची. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं, मग वेग कमी करतं. त्या जुन्या तक्त्यावर ते चौथ्या-पाचव्या महिन्यात 'घसरल्या'सारखं दिसणारच. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणून सहा देशांत नव्याने मोजलं: ब्राझील, घाना, ओमान, नॉर्वे, अमेरिका आणि भारत. आपल्याकडची बाळं दिल्लीची. साधारण साडेआठ हजार मुलं, आयांनी अंगावर पाजलेली, घरात विडी-सिगारेट नाही अशी. २००६च्या एप्रिलमध्ये नवे तक्ते आले. माझी लेक तेव्हा बालवाडीत जायला लागली होती.

दिल्लीतल्या कुणा आयांनी 'हो, घ्या माप' म्हटलं म्हणून पुढच्या आयांचे डबे वाचले. मी असते तर सायलीला घातलं असतं.

आजीचा_बटवा
अवांतर: चौथ्या महिन्यात गुटी देता का हल्ली? आमच्या वेळी मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, बदाम, खारीक, सगळं सहाणेवर वेढे मोजून. माझं एकही पोर किडकिडीत नव्हतं.

नंदिनी_ज
आजी, डॉक्टर नको म्हणतात. सहा महिने पाणीसुद्धा नाही.

आजीचा_बटवा
डॉक्टरसुद्धा गुटी पिऊनच डॉक्टर झाले.

केतकी_बन
कृपया, गुटीचा धागा वेगळा आहे, चारशे प्रतिसाद झालेत, तिथे भांडू.

वैनगंगाकाठ
रवीभाऊ, मी गडचिरोलीचा. 'काय मिळालं' म्हणता म्हणून लिहितो. आमच्याकडे बाळ गेलं की बारशाच्याही आधी गेलं, नावसुद्धा नसायचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९९३पासून आधी दोन वर्षं नुसतं मोजलं: किती बाळं जन्मली, किती गेली, कशाने गेली. दारात जाऊन. मग ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवलं, तिला आरोग्यदूत म्हणतात. बाळ गुंडाळायचं कसं, श्वास मोजायचा कसा, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा. पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया नवजात बाळाला इंजेक्शन देणार म्हटल्यावर तेव्हा मोठमोठ्या लोकांनी नाकं मुरडली होती. १९९९मध्ये लॅन्सेटला निकाल आला: शेजारच्या ४७ गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी.

आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत फेऱ्या मारते ना, सायलीच्या आई, तुमच्याकडे आली असेल तर? २०११पासून ते देशभर सुरू झालं. त्याचं मूळ आमच्या गावांत आहे.

रोखठोक_रवी
आकडा मान्य. आता अवघड प्रश्न. त्या ४७ गावांचं काय? तिथली बाळं मरत होती आणि तुम्ही मोजत होतात.

वैनगंगाकाठ
मी मोजत नव्हतो, मी तेव्हा तिसरीत होतो. पण प्रश्न खरा आहे. तिथे सरकारी दवाखाना-नर्सबाई जे काय होतं ते होतंच, आरोग्यदूत नव्हती. आणि उपाय चालतो की नाही हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तुलना नसती तर दिल्लीवाल्यांनी म्हटलं असतं, पाऊस चांगला झाला म्हणून बाळं वाचली. माझी आत्या त्या ४७पैकी एका गावची. तिचं एक गेलं. तिला मी हे उत्तर देऊ शकत नाही, तुम्हाला देतो.

रोखठोक_रवी
…ठीक. या मुद्द्यावर गप्प.

विश्रामबाग_निवृत्त
मी एका संस्थेच्या नीतिसमितीवर सामान्य नागरिक म्हणून बसते (डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त. नियमानेच अशी एक व्यक्ती लागते). आमचं काम एकच, माहितीपत्रक आपल्या शेजारणीला कळेल का ते बघणं. आठ पानी पत्रक येतं, त्यातलं पाऊण पान मराठी आणि तेही 'सदर संशोधनांतर्गत सहभागी पाल्याच्या'. मी परत पाठवते. शास्त्रज्ञ चिडतात.

सायलीची आई, सही करण्याआधी पत्रक घरी ठेवून घे. दारात उभ्या उभ्या सही मागितली तर तिथेच नाही म्हण. त्यावर समितीची मान्यता आणि तक्रारीसाठी समितीचा फोन असतो, नसला तर विषय संपला. रक्त किती मिलि, ते साठवणार का, किती वर्षं, बाहेर पाठवणार का, हे विचार. साठवलेल्या रक्तावर उद्या जनुकांचा अभ्यास करायचा झाला तर तुला परत विचारणार का, हे तर नक्की विचार, कारण तिथेच बहुतेक पत्रकं गुळमुळीत असतात. तपासणीत काही वावगं आढळलं, समजा हिमोग्लोबिन कमी किंवा ऐकू कमी येतंय, तर तुला कळवणार का आणि पुढे कुणाकडे पाठवणार, हे लेखी हवं. मधेच सोडता येतं, कारण न देता, आणि त्याने तुझ्या उपचारात काही फरक पडता कामा नये.

आणखी एक. आपल्याकडे सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःला विचारावं लागतं, बारापुढे तर लेखी. तुझा अभ्यास पाच वर्षांतच संपतोय. त्यामुळे सायलीला कुणीच विचारणार नाही, तिच्या वतीने तूच बोलणार आहेस.

केतकी_बन
हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावावा असा आहे.

ड्युनेडिनचा_गणपती
न्यूझीलंडहून. आमच्या ड्युनेडिन गावाचा विषय निघाला नाही म्हणून राहवलं नाही. १९७२-७३मध्ये इथे जन्मलेली १,०३७ मुलं, आज पन्नाशी ओलांडली. पंचेचाळिसाव्या वर्षी, हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के परत आले. जगात कुठेही असा, विमानाचं तिकीट अभ्यासवाले काढतात. हिऱ्या-मोत्यासारखं जपतात. ब्रिटनमध्ये १९४६च्या एका आठवड्यात जन्मलेल्यांचा अभ्यास आहे, त्यांना दर वर्षी वाढदिवसाचं कार्ड जातं. माझा सख्खा भाऊ मला पाठवत नाही.

खडकवासला_चौपाटी
तिकीट काढतात? अर्ज कुठे करायचा?

ड्युनेडिनचा_गणपती
१९७२मध्ये जन्मून.

अंगणवाडीताई_निवृत्त
मला मापांपेक्षा खेळण्यांचं कौतुक. आमच्या प्रशिक्षणात जमैकाची गोष्ट सांगायचे. १९८६-८७मध्ये किंग्स्टनला १२९ खुरटलेली मुलं, नऊ ते चोवीस महिन्यांची. काहींच्या घरी दर आठवड्याला एक बाई जायची, आईला बसवून बाळाशी खेळायला शिकवायची. खेळणी विकतची नाहीत, रिकामे डबे, बाटल्या, पुठ्ठे. दोन वर्षं एवढंच. वीस वर्षांनी ती मुलं शोधली तर त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त. मी गोष्ट ऐकून आले आणि दुसऱ्या दिवशी पावडरच्या डब्यात चिंचोके घालून खुळखुळा केला. सुपरवायझर म्हणाल्या, साहित्याच्या यादीत हे नाही.

म्हापश्याचो
मराठीत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. सगळे बाळाबद्दल बोलताहेत. सायलीच्या आईला 'लांबलचक प्रश्नावली' कसली आहे हे कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे म्हापशाच्या हॉस्पिटलात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायांना गाठून बाळंतपणानंतर परत विचारलं होतं, अभ्यास २००२ला छापला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य. दर चौथी-पाचवी आई! कारणं वाचून मी गप्प झालो: पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना झालेली मुलगी. आणि त्या आयांच्या बाळांचं सहाव्या महिन्याचं वजन बघितलं तर कमी वजनाचा धोका दुपटीहून जास्त. म्हणजे बाळाचा तक्ता घसरला तर आईला कुणी विचारलंय का, हेही बघावं लागतं.

माझ्या बहिणीला पहिल्या वेळी झालं होतं. आम्ही म्हणत होतो, झोप नाही म्हणून रडते.

नंदिनी_ज
+१. मी वर लिहिलं ना, बाळापेक्षा मीच जास्त रडले. ते फक्त काविळीच्या वेळचं नव्हतं.

इंद्रायणी_क
नंदिनी, विपूत (विचारपुशीत) निरोप ठेवलाय, बघ.

सायलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस वाचत होते, बाळ झोपलं की.

म्हापशाच्या दादांनी बरोबर नाडी पकडली. काल ती प्रश्नावली नीट वाचली. पहिली आठ पानं बाळाचं खाणं-झोप-लसी. मग: घरात कामाला मदत कोण करतं? बाळाला रात्री कोण घेतं? घरात वाद झाला तर काय होतं? गेल्या पंधरा दिवसांत रडू आलं का? आणि मला तेव्हा उमगलं की साबांना सुईची भीती नव्हतीच. त्या दिवशी ती मुलगी हॉलमध्ये बसून नमुन्यादाखल दोन प्रश्न वाचून दाखवत होती आणि साबा आत पोळ्या लाटत होत्या. लाटण्याचा आवाज मधेच बंद झाला होता.

रात्री मी त्यांना कागदच दिला वाचायला. चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाल्या, 'बाळाला आंघोळ कोण घालतं, हा प्रश्नच नाही यात.' रोज साबाच घालतात, टाळू भरतात, धुरी देतात. मी म्हटलं, गुरुवारी तिला सांगू. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. निजायला जाताना एवढंच, 'आम्हाला कुणी असं विचारलं नाही कधी.'

आजीचा_बटवा
आम्हालाही नाही, बाई.

रोखठोक_रवी
मग काय ठरलं?

सायलीची_आई
काकूंचे (विश्रामबाग) सगळे प्रश्न वहीत लिहून घेतले होते. आज गुरुवार, ती येऊन गेली. रक्त वर्षाला २ मिलि. मधेच सोडता येतं. समितीचा फोन आहे, मी लावून पाहिला, उचलला (!). साठवलेल्या रक्ताच्या रकान्यात 'नाही'वर खूण केली, बाकी सही केली. नवरा बाळाची लांबी मोजताना पाय धरायला बसला होता, मग त्याला वाटायला लागलं आपणच संशोधन करतोय. ६२.५ सेमी आली, त्याने तीनदा मोजायला लावली.

प्रश्नावली मी आत खोलीत दार लावून भरली. तसं त्या मुलीनेच सुचवलं.

विश्रामबाग_निवृत्त
शाब्बास. त्या मुलीला चांगलं शिकवलंय कुणीतरी. पाच वर्षांनी निकाल आला तर तुला मराठीत कळवणार का, ते विचारलंस?

सायलीची_आई
विचारलं. 'मॅडमना विचारून सांगते' म्हणाली.

रोखठोक_रवी
:) वाचनखूण साठवली. तीन महिन्यांनी धागा वर काढतो.